गजभियेंची हाजरी

गजभियेंकडे "ते द्या हो जरा" म्हणून काही मागितलं तर मिळत नसे. ते शांतपणे तुमच्याकडे बघत आणि विचारत, "ते म्हंजे काय जी? त्याले नाव नाही का?" मग तुम्ही "स्टेपलर" म्हणालात की स्टेपलर लगेच हातात येई, वर त्यात पिना भरलेल्या असत. माझ्यासारख्या घाईच्या बाईला पहिल्याच महिन्यात वाटलं होतं, की एक दिवस हा स्टेपलर मी यांच्या डोक्यात घालणार. घातला नाही. एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही अकरा वर्षं काढली, आणि त्यातली निदान नऊ वर्षं मी त्यांच्यावर चिडलेली होते.

आमचं ऑफिस नागपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये. खात्याचं नाव सांगत नाही, कारण खातं अजून आहे आणि माझी पेन्शन तिथूनच येते. काम पाण्याचं. उन्हाळ्यात कुठल्या विहिरीत किती पाणी उरलं, पावसाळ्यानंतर किती चढलं, याचे आकडे विदर्भातल्या गावागावांतून येत. आम्ही ते नीट मांडून वर पाठवत असू. वर गेल्यावर त्यांचं काय होई ते आम्हाला कळलं नाही आणि त्या विहिरींनाही कळलं नसावं.

गजभियेंचा जीव नावांत अडकलेला. ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती. पंख्यावर 'पंखा', कपाटावर 'कपाट', खिडकीवर 'खिडकी (उत्तर)'. ज्या डब्यात कोऱ्या चिठ्ठ्या ठेवत त्यावर 'चिठ्ठ्यांचा डबा'. डिंकाच्या बाटलीवर 'डिंक' अशी चिठ्ठी होती, ती डिंकानेच चिकटवलेली. मी एकदा म्हटलं, "गजभियेजी, मलाही एक लावून टाका, 'बाई' म्हणून." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "बाई हे काही नाव नाही झालं. तुमचं मालती हाये. पण तुम्ही तं सोताच बोलता, तुमाले चिठ्ठीची काय गरज."

रॉंग नंबर लागला तरी ते फोन ठेवत नसत. आधी समोरच्याचं नाव विचारत, मग आपलं काम सांगितल्यासारखं म्हणत, "बरं देवतळेजी, हा पाण्याचा दफ्तर हाये, तुमाले पायजे तो लाकडाचा टाल नाही." चहावाल्याला आम्ही सगळे 'ए चाय' म्हणत असू. गजभिये त्याला पूर्ण नावानं हाक मारत, बापाच्या नावासकट, आणि तो बिचारा दचकून चहा सांडत येई. असं असून हजेरीपटावर त्यांचं स्वतःचं नाव मात्र 'एम. टी. गजभिये'. एम म्हणजे मधुकर, हे माहीत होतं. टी म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. "सांगन कधी," एवढंच म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. मला माझी कामं होती.

त्यांचं एक वाक्य ऑफिसात फार चालायचं. कुणी नुसता आकडा सांगितला, म्हणजे "चाळीस आले" किंवा "बारा राहिले", की गजभिये मान वर न करता म्हणत, "नाव घेऊन बोला जी. बेनाम आकडा म्हंजे बेवारस मुर्दा." आम्ही हसत असू. आमचा चपराशी रामटेके तर त्यांची नक्कल करायचा, तीसुद्धा त्यांच्यासमोर. गजभियेही थोडं हसत.

एका वर्षी वरून ऑफिसातल्या सामानाची तपासणी आली. एरवी या तपासणीला चार दिवस लागत, आणि दोन खुर्च्या व एक घड्याळ कायम कमी भरत. त्या वर्षी तपासनीस आला, चिठ्ठ्या वाचत गेला आणि अर्ध्या तासात सही करून चहा प्याला. आमच्या खापरे साहेबांना वरून शाबासकीचं पत्र आलं. साहेबांनी ते काचेखाली ठेवलं. गजभियेंनी काचेवर चिठ्ठी लावली, 'काच'.

मग ऐंशी सालानंतर चार-पाच वर्षांनी आमच्याकडे संगणक आला. त्याच्यासाठी वेगळी खोली झाली आणि तिला एअर कंडिशनर बसला. नागपूरच्या मे महिन्यात जिथे वाळ्याच्या कूलरमधूनही गरम वाफ यायची, तिथे ही एक खोली थंडगार. त्यामुळे मे महिन्यात आमच्या ऑफिसात संगणकाविषयी फार आस्था निर्माण होत असे. ज्यांना बटण कुठलं हे ठाऊक नव्हतं असे हेडक्लार्कसुद्धा "जरा बघू म्हटलं कसं काय चाललंय" म्हणून येऊन तासतासभर बसत. धूळ चालत नाही म्हणून बाहेर चपला काढून जायचं. दाराबाहेर देवळासारखा चपलांचा ढीग. त्यात एकाच जोडाच्या दोन्ही पट्ट्यांवर मालकाचं नाव लिहिलेलं असे, ते कुणाचं ते सांगायला नको.

आम्हा दोघांना तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं. सी नावाची भाषा शिकलो. आता थोडं यंत्राचं सांगावं लागेल, पण भिऊ नका. प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायला डबे असतात आणि प्रत्येक डब्याला एक नाव द्यावं लागतं. त्याला व्हेरिएबल म्हणतात. शहाणी माणसं एक्स, वाय, आय, जे अशी नावं देऊन मोकळी होतात. पण ही नावं फक्त लिहिणाऱ्यासाठी. प्रोग्रॅम चालायला लागला की यंत्र नाव टाकून देतं आणि आकडा तेवढा ठेवतं. छापायला सांगितलं तर कागदावर नुसतं सतरा येतं. कशाचे सतरा ते तुम्ही ओळखायचं.

हे ऐकल्यावर गजभिये वर्गात उभे राहिले. "म्हंजे सर, आकडा राहते अन् नाव मरते?"

सर म्हणाले, "हो, तसंच म्हणा."

"कोन्तं काम झालं हे," गजभिये म्हणाले आणि बसले. त्या दिवशी ते जेवणाचा डबा न उघडता परत घेऊन गेले.

आठ दिवसांनी त्यांनी त्यावर तोड काढली. प्रोग्रॅम यंत्राच्या पोटात जाण्याआधी प्रीप्रोसेसर नावाचा एक कारकून मध्ये बसतो. त्याला अर्थबिर्थ काही कळत नाही. एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. अशा चिकटवण्याच्या हुकमाला मॅक्रो म्हणतात. आमच्या यंत्रातला कारकून इतका कामसू होता की अवतरणचिन्हांच्या आतसुद्धा शिरून चिकटवाचिकटवी करायचा. गजभियेंनी नेमका त्याचा फायदा घेतला. एका ओळीचा मॅक्रो लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'हाजरी'. हाजरीच्या कंसात कुठलंही व्हेरिएबल द्या, की कागदावर आधी त्याचं नाव छापलं जाई, मग बरोबरचं चिन्ह, मग आकडा. इंग्रजी अक्षरांत, पण नाव.

त्या दिवशी त्यांनी आख्ख्या ऑफिसला आलुबोंडे खाऊ घातले. मी म्हटलं, "इतकं काय झालं? डबा आपलं नाव सांगतो, एवढंच ना?" ते म्हणाले, "एवढंच तं पायजे असते बाई." मी आलुबोंडा खाल्ला आणि कामाला लागले.

नाव छापून येणार म्हटल्यावर एक्स-वाय कोण ठेवणार? गजभिये माणसांची नावं ठेवू लागले, आणि तीही स्वभाव बघून. गोल गोल फिरून पुन्हा तिथंच येणारा आकडा, तो रामटेके. दोन आकड्यांची अदलाबदल करताना थोडा वेळ एखादा तिसऱ्याच्या जागी बसवून ठेवावा लागतो. त्या जागेचं नाव जावई. "थोड्या वेळासाठी येते, दुसऱ्याची जागा अडवते, काम झालं का जाते," गजभियेंनी मला समजावलं. ज्याची किंमत एक तर हो नाहीतर नाही, मधलं काहीच नाही, त्या व्हेरिएबलचं नाव मालती. मी फटकळ आहे हे मला माहीत आहे, पण गजभियेंनी ते यंत्रालाही कळवून ठेवलं होतं.

आणि सगळं काम पुरं झालं की नाही हे दाखवणाऱ्या व्हेरिएबलचं नाव खापरे. ते पहिल्यापासून शून्य असायचं. सगळ्या विहिरी मोजून, तपासून झाल्या की शेवटच्या ओळीत एक व्हायचं.

प्रत्येक प्रोग्रॅमच्या सगळ्यात वरची एक हाजरी मात्र कुणालाच कळत नसे. कागदावर पहिली ओळ येई, तानबा बरोबर एकशे बेचाळीस. पुढे त्या तानबाचा कशाशीच संबंध नसे. बेरजेत नाही, वजाबाकीत नाही. मला वाटायचं सवयीनं राहून गेलंय. रामटेकेला वाटायचं हा सट्ट्याचा आकडा आहे, गजभियेंना यंत्राकडून कळलेला. त्यानं तो दोन-तीनदा लावलासुद्धा, आणि नाही लागला तेव्हा गजभियेंशी आठ दिवस बोलला नाही.

अशातच मुंबईहून मोठे साहेब संगणक बघायला आले. खापरे साहेबांनी नवा सफारी शिवला होता. खोलीत जाताना सगळ्यांनी चपला काढल्या आणि मोठ्या साहेबांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं ते सगळ्यांनी पाहिलं. खापरे साहेब म्हणाले, "गजभिये, चालवा." गजभियेंनी चालवलं. प्रिंटर करकरू लागला आणि कागद बाहेर येऊ लागला.

हाजरी हे खरं तर प्रोग्रॅम नीट चालतोय का ते बघण्यापुरतं घालतात आणि नंतर काढून टाकतात. गजभिये काढत नसत. मोठ्या साहेबांनी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं. "खापरे बरोबर शून्य. खापरे बरोबर शून्य. खापरे बरोबर शून्य." पान उलटलं. तिथंही तेच होतं. आमच्याकडे विहिरी पुष्कळ.

"हे खापरे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी सर," खापरे साहेब म्हणाले. त्यांना आधीच घाम फुटला होता, एअर कंडिशनर असून.

मोठ्या साहेबांनी गजभियेंकडे बघितलं. आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की यंत्राची चूक. गजभियेंनी खरं ते सांगितलं. "सर, हा खापरे म्हंजे काम झालं का नाही ते सांगणारा. बाकीचे सारे राबून राहते, रामटेके फिरून राहते, जावई येते जाते, हा शून्यावर बसून राहते. साऱ्यायचं काम झालं का मंग हा एक होते अन् बंद करते." तेवढ्यात प्रिंटरनं शेवटची ओळ टाकली. खापरे बरोबर एक. खोलीत कुणी हसलं नाही, पण रामटेकेला खोकला आला आणि तो बाहेर गेला तो संध्याकाळपर्यंत परतला नाही.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला. 'कार्यालयातील अधिकारी व कर्मचारी यांची नावे व्हेरिएबलला देण्याचा प्रकार संबंधितांनी तात्काळ थांबवावा.' गजभियेंनी खाली लिहून परत पाठवला, 'संबंधित कोण? कृपया नाव लिहावे.' त्यावर खापरे साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि मलाही, साक्षीला. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर गडचिरोलीला पाठवीन. मग शिस्त म्हणून त्यांनी कागदावरची पहिली ओळ बोटानं दाखवली. "हा तानबा कोण? आपल्याकडे तानबा नावाचं कुणी आहे का?"

"नाही जी. हा दफ्तरातला नाही."

"मग राहू द्या," साहेब म्हणाले. "बाकीचे काढा."

गजभियेंनी हुकूम पाळला. कर्मचारी गेले आणि पाव्हणे आले. खापरेचा व्याही झाला, रामटेकेचा मामा झाला, मालतीची आत्या झाली. जावई आधीच होता.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी जुनं यंत्र बंद पडू लागलं आणि नवं आलं. भाषा तीच, पण तिचे नियम वरच्या कुणीतरी शहाण्यांनी पक्के करून दिले होते आणि नव्या यंत्रातला कारकून त्या नियमांचा होता. सगळे प्रोग्रॅम तिकडे हलवायचं काम माझ्याकडे आलं. मी एक शनिवार सकाळपासून बसून पहिला प्रोग्रॅम चढवला आणि चालवला. गजभिये प्रिंटरपाशी उभे होते. दर शनिवारी प्रिंटरवरचा पहिला कागद ते मागून नेत, ही त्यांची आणखी एक सवय. मला वाटायचं घरी कपाटात अंथरायला नेतात.

कागद आला. पहिली ओळ, एक्स बरोबर एकशे बेचाळीस. खाली एक्स बरोबर एक, एक्स बरोबर दोन, एक्स बरोबर शून्य. मामा नाही, व्याही नाही, आत्या नाही, सगळे एक्स.

झालं होतं ते अगदी सरळ होतं. हाजरीच्या त्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत गजभियेंनी नावाच्या जागी एक्स लिहून ठेवला होता. जुना कारकून आत शिरून त्या एक्सवर खरं नाव चिकटवायचा. नवा म्हणाला, अवतरणात आहे त्याला मी हात लावणार नाही. म्हणून एक्स तसाच छापून आला, प्रत्येकाच्या कपाळी.

खापरे साहेब नेमके खोलीत गारव्याला आले होते. त्यांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे बरं झालं. कुणाचं नाव नाही, गाव नाही. हेच चालू ठेवा."

मीही हसले. मी म्हटलं, "घ्या गजभियेजी, तुमच्या सगळ्या गणगोताचं बारसं पुसलं." हे मी म्हटलं. अजून आठवलं की स्वतःचा राग येतो.

गजभिये पहिल्याच ओळीकडे बघत होते. त्यांनी कागद फाडून घेतला नाही. "असं नोका करू," असं काहीतरी पुटपुटले, आम्हाला म्हणाले की यंत्राला, ते कळलं नाही. बाहेर जाऊन त्यांनी चपला घातल्या. एक त्यांची, एक खापरे साहेबांची. तशीच घालून निघून गेले.

सोमवारी आले नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. नऊ वर्षांत या माणसानं रजा घेतल्याचं मला आठवत नव्हतं. खापरे साहेब दोन दिवस एकाच चपलेनं घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, जरा बघून या, माझी चप्पलही घेऊन या." मला चपलेचं निमित्त पुरलं. संध्याकाळी रिक्षा करून इंदोऱ्याला, गजभियेंच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. मला वाटलं होतं घरात चिठ्ठ्यांचा पूर असेल. एकही नव्हती. गजभिये कुठे बाहेर गेले होते. त्यांची माय खाटेवर बसून तांदूळ निवडत होती, बारीक, सुरकुतलेली, पण हात झपाझप चालणारे. मी ऑफिसातली म्हटल्यावर तिनं जागा करून दिली.

"बस वं बाई. मधू शनिवारपासून जेवून नाही राहिला. इचारलं तं म्हणते, माय, यंत्र बाबाचं नाव विसरलं."

मी विचारलं, "बाबा म्हणजे?"

"माहा मालक. तानबा."

एम. टी. मधला टी असा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. तीच बोलत राहिली, तांदळातले खडे बाजूला काढत.

"आमी रामटेककडचे. शेतात काही उरलं नव्हतं म्हून कन्हानकडं खाणीत कामाले आलो. आठ रोज झाले होते. कोणी वळखीचं नाही. खाणीत जाताना माणसाले पितळेचा बिल्ला देत, त्याच्यावर आकडा. नवव्या दिशी वरचा दगड बसला. मी मधूले कडेवर घेऊन पळत गेली. लय बाया होत्या. खाणीचा बाबू वरतं उभा राहून आकडे वाचून राहिला होता. ज्याचा आकडा वाचला त्याची बाई रडत पुढं जाय. मी नावाची वाट पाहून राहिली होती. त्यानं एकशे बेचाळीस म्हणलं. तीनदा म्हणलं. कोणी बोललं नाही. मी तिथंच उभी होती वं बाई. मले काय मालूम, थो माह्या मालकाचा आकडा होय."

तिनं सूप खाली ठेवलं.

"कोणी बोललं नाही म्हून बेवारस म्हणून नेलं अन् जाळून टाकलं. दुसऱ्या दिशी बाबूनं वही काढली तवा समजलं. तोंड नाही पाहू देल्लं."

मग तिनं खाटेखालची पेटी दाखवली. त्यात आमच्या प्रिंटरचे कागद होते, शनिवारचे, घड्या घालून ठेवलेले, तीन-चार वर्षांचे. "दर शनिवारी मधू वाचून दाखवते," ती म्हणाली. "मले वाचता नाही येत."

तेवढ्यात गजभिये आले. मला बघून उभेच राहिले. मी चप्पल मागितली. मग रस्त्यापर्यंत सोडायला आले तेव्हा मी न राहवून म्हटलं, "गजभियेजी, मायला वाचता येत नाही. एक्स काय, तानबा काय, तुम्ही वाचलं असतंत तानबा, तर तिला काय कळणार होतं?"

ते म्हणाले, "लिहेल नाही ते कसं वाचू बाई? तवाबी कोणी नाव लिहेल नव्हतं."

बेनाम आकडा म्हंजे बेवारस मुर्दा. हे वाक्य ऐकून मी नऊ वर्षं हसले होते. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, आणि रिक्षावाल्यानं विचारलं, "काहून जी बाई, दवाखान्यात नेऊ का, धंतोलीले?" मी त्याला सरळ घरी न्यायला सांगितलं.

नव्या यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक आमच्या ऑफिसात कुणी उघडलं नव्हतं. खापरे साहेबांनी ते कपाटात कुलपात ठेवलं होतं, खराब होऊ नये म्हणून. गुरुवारी सकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले, त्यांची चप्पल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि किल्ली मागितली. त्यांनी ती काढून दिली. दोन दिवस मी दुसरं काम केलं नाही. शुक्रवारी दुपारी सापडलं. नियम करणाऱ्या शहाण्यांनाही कुठेतरी हा प्रश्न पडलेला असणार, कारण त्यांनी त्याची सोय करून ठेवली होती. नव्या कारकुनाला अवतरणात शिरायला सांगायचंच नाही. एक्सच्या आधी एक चिन्ह द्यायचं, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचं, फुली-गोळ्याच्या खेळाला आखतो तसं. ते दिसलं की तो नाव उचलतो आणि स्वतःच अवतरणात ठेवून देतो.

मी ते एक चिन्ह घातलं. प्रोग्रॅम चालवला. प्रिंटर करकरला. रामटेके माझ्या खांद्यावरून वाचत होता. "आला जी तानबा," तो म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं त्या आकड्यावर पैसे लावल्याची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

खापरे साहेबांनी कागद मागवला. मला वाटलं आता हे नाव काढायला सांगणार. त्यांनी पहिली ओळ बराच वेळ पाहिली, खाली व्याही बरोबर शून्य पाहिलं, आणि म्हणाले, "हा व्याही म्हणजे मीच ना?" मी हो म्हटलं. "राहू द्या," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी मी तो कागद घेऊन इंदोऱ्याला गेले. गजभिये दारातच होते. कागद हातात दिला, तर त्यांनी उघडून बघितला नाही. आत आले, मायच्या खाटेपुढे वेताच्या मोड्यावर बसले, चष्मा लावला आणि मग घडी उलगडली. मला म्हणाले, "बसा जी मालतीबाई." मी खाटेखालची पेटी पुढे ओढून तिच्यावर बसले.

त्यांनी घसा साफ केला आणि मुलांची हजेरी घेताना मास्तर वाचतात तसं वाचलं, "तानबा. एकशे बेचाळीस."

माय सरळ बसली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हाय जी," ती म्हणाली. "माहा माणूस होय थो."

एवढंच. ती पुन्हा तांदळाकडे वळली. दर शनिवारी हे असंच होत होतं, आणि एकच शनिवार चुकला होता.

गजभियेंनी कागदाची घडी केली. ती नीट होईना, म्हणून पुन्हा केली. मग चष्मा काढला, माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, "ते द्या जी जरा."

ते म्हणजे काय, असं मी विचारलं नाही. शेजारी पाण्याचा गिलास होता, तो उचलून दिला.